माळकरी बाप आणि मालवणातला सोमवार

भाकरीवाला_बार्शी :

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा काढायची पहिलीच वेळ, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

फेब्रुवारीच्या शेवटी आण्णांना घेऊन सहा दिवस मालवणकडं जाऊन आलो. आण्णा म्हणजे वडील, वय ७१, सगळं आयुष्य बार्शीत ज्वारी नि तुरीत गेलं, गळ्यात माळ, वारी कधी चुकवली नाही. समुद्र बघितलेला एकदाच, तोही गेटवेला, नि तिथं बघून काय म्हणले तर "पाणी लई घाण हाय". असा माणूस मालवणला कशाला न्यायचा हे घरातल्या सगळ्यांनी विचारलं. ऑफिसातला एकजण तर म्हणला की लेका माळकऱ्याला मालवणात नेतोयस म्हणजे सहा दिवसाचा कडक उपासच घडवतोयस बापाला. मलाही तेच वाटत होतं म्हणून आईकडनं दशम्या, शेंगाची चटणी, मेतकूट असं गाठोडं बांधून घेतलं, बॅगेत कपडे कमी नि खायचं जास्त.

कोल्हापूरपर्यंत एक एसटी, तिथनं दुसरी फोंडा घाटानं कणकवली, मग मालवण. घाट उतरताना आण्णा खिडकीतनं बघत होते, कणकवलीच्या आधी एकदाच बोलले, "एवढं हिरवं नि शेत कुठंय?" मुक्काम हॉटेलात नाही, आचऱ्याच्या बाजूला एका वाडीत घरगुती सोय होती. चिऱ्याचं घर, पुढं सारवलेलं खळं, मागं माड नि पोफळी. काका-काकू दोघंच, मुलगा मुंबईला. पोचलो रविवारी रात्री, पिठलं-भात खाऊन झोपलो नि मी झोपेत बांगडाच बघत होतो खरं सांगायचं तर.

सकाळी उठून काकूंना विचारलं आज कुठला मासा. काकू म्हणल्या, "आज सोमवार. आज आमच्यात मासो नाय." झालं. एवढ्या लांबनं आलो नि पहिलाच दिवस सोमवार.

मग न्याहारीला पेज आली. उकड्या तांदळाची, जाड लालसर शितं, वर पाणी दिसतंय, बाजूला चवळीची उसळ, लोणचं, भाजलेला पापड. आण्णा वाटीकडं बघत बसले. मग माझ्या कानाशी येऊन हळूच, "आरं मी आजारी हाय आसं तू ह्यांना सांगितलंस का?" आमच्याकडं पेज म्हणजे ताप आलेल्या माणसाला देतात. मी सांगितलं नाही ओ, हे असंच खातात इथं. तर ते काकूंना म्हणले, "बाई, मी ठणठणीत हाय, भाकरी असली तरी चालंल." काकूंना आधी कळेना आणि कळल्यावर त्या पदर तोंडाला लावून जे हसायला लागल्या ते काकांना सांगायला थेट विहिरीवर गेल्या.

दुपारी मात्र चित्र पालटलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं. आम्ही आयुष्यभर हिरवा नि पांढरा वाटाणा बघितलेला, हा काळा, बारका, रात्री भिजवून ठेवलेला, त्याला भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप नि घरचा मसाला. रंग असा की मला वाटलं मटणाचा रस्सा आहे नि आण्णांना पण तीच शंका. ताट सरकवून बसले. काकूंनी मग त्यांना चुलीपाशी नेलं, टोप उघडून पळीनं वाटाणे वर काढून दाखवले, "बघा दादानू, वाटानेच असत." त्या दिवशी आण्णा तीनदा भात घेऊन जेवले, मी मोजलं. शेवटी सोलकढी प्यायले नि म्हणले ताकात काय घातलंय. ताक नाही ओ नारळाचं दूध आहे म्हणल्यावर परत एक वाटी.

संध्याकाळी ओल्या काजूगरांची उसळ नि घावणे. ह्या उसळीवर वेगळा धागा निघंल. काजू म्हणजे आपल्याला दिवाळीच्या डब्यातला, खारा नाहीतर शिऱ्यातला. हा ओला, मऊ, शेंगदाण्याच्या कोवळ्या दाण्यासारखा, गोडसर, त्यात खोबरं. आण्णांनी दुपारी काकू काजू सोलत होत्या ते बघून "द्या हिकडं, शेंगा फोडतोय की आमी जन्मभर" म्हणून मदतीला हात घातला होता, काकू नको नको म्हणेपर्यंत चीक बोटाला लागला. दोन बोटांची कातडी पुढं आठ दिवस सोलवटत होती. बार्शीला आल्यावर त्यांनी ती बोटं सगळ्या गल्लीला दाखवली, पदक मिळाल्यासारखी.

मंगळवारी मला बांगडा मिळाला. तिखलं, तिरफळं घातलेलं. तिरफळ चावायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी मिरी समजून चावलं, पुढं अर्धा तास जीभ माझी नव्हती. पण धागा त्याच्यासाठी नाही. मी हे बघितलं की आण्णांचं जेवण त्या दिवशी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात झालं होतं नि आम्ही कुणी ते सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर काकू म्हणल्या, "आमचो दीर माळकरी असा, माका ठाऊक हा." एवढंच.

तर मला जे सांगायचंय ते हे की मालवणला जाऊन मासा कुणीपण खातो, मी पण खाल्ला. पण त्या सहा दिवसात जास्त चांगलं ताट बापाचं होतं नि मी रोज त्यांच्या ताटात हात घालत होतो. बाकी दशावतार, रापण (किनाऱ्यावरनं ओढायचं जाळं) वगैरे जमलं तर उद्या लिहितो, मोबाईलवर टाईप करून अंगठा दुखायलाय.

रातांबा :

तोंपासू (तोंडाला पाणी सुटलं)! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आण्णांचे संवाद अजून येऊ देत.

खळ्यातलो :

पेजेचा वाचून माका हसूक आवरा नाय. माजी बायल सातारची. लग्नानंतर पयल्या सकाळी आयेन तिका पेज दिली तर ती रडाक लागली, तिका वाटला सासरचे उपाशी ठेवतत. आता ती माज्यापेक्षा जास्त पेज पिता.

बाकीच्यांना कळावं म्हणून आता नीट लिहितो. उकडा तांदूळ म्हणजे भात सालासकट उकडून, वाळवून मग गिरणीत घालतात. त्यामुळे सालातली जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात आणि शीत मोडत नाही. माझे आजोबा पहाटे पेज पिऊन नांगराला जायचे ते दुपारी परत. आजारी माणसाचं जेवण नाही ते, उलट राबणाऱ्याचं आहे. सोमवार सोडून इतर दिवशी त्याच्याबरोबर भाजलेला सुका बांगडा असतो, तो तुमच्या वाट्याला आला नाही आणि आण्णांच्या नशिबानं आला नाही.

सोमवारचं म्हणाल तर शंकराचा वार, आमच्याकडे बहुतेक घरात चालत नाही. रामेश्वर, कुणकेश्वर, वेतोबा ही मंडळी आजूबाजूला बसलेली, कोण पंगा घेणार. काही घरांत गुरुवार पण. म्हणून गाववाल्याला विचारा, सोमवारी बाजारात मासळी स्वस्त वाटली तर त्याचं कारण हेच.

आणि तिरफळ चावलंत ते बरं झालं, तुम्ही आता आमचे झालात.

सरळसोट :

लेख छान आहे पण जरा गुलाबी वाटला. माझा अनुभव सांगतो. मागच्या डिसेंबरात आम्ही आठजण गेलो होतो, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) पापलेट सांगितलं, मेनूकार्डावर किमतीच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलेलं. बिल आलं तेव्हा कळलं साइज म्हणजे काय. सोलकढी तर इतकी भडक गुलाबी की होळी खेळता आली असती, मला तर बिटाचा संशय आहे. घावन थंड. आणि सुरमई म्हणून जे दिलं ते सुरमई होतं ह्यावर आमच्यातला एकही कोळीवाड्यातला माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता. तेव्हा 'येवा कोकण आपलाच आसा' वगैरे ठीक आहे.

भाकरीवाला_बार्शी :

सरळसोट भाऊ, तुमचं खोटं नाही. आम्ही पण सिंधुदुर्ग किल्ला बघायला मालवणात गेलो त्या दुपारी जेटीजवळ जेवलो नि आण्णांना 'व्हेज थाळी' म्हणून काय आलं सांगू, पनीर. मालवणात पनीर! आण्णा म्हणले हे काय तर मी म्हणलं पनीर, ते म्हणले हे मासं हाय का. तेवढं एकच जेवण वाया गेलं. पुढं प्रत्येक दुपार काकूंकडंच.

खळ्यातलो :

सरळसोट, मासा मागवायच्या आधी तो ताटलीत आणून दाखवायला सांगायचा आणि कितीला पडेल ते आधीच बोलून घ्यायचं, ह्यात लाज नाही, आम्ही पण तेच करतो. पण मूळ गोष्ट अशी की मेनूकार्डाची सवयच इथे चुकीची आहे. 'पापलेट आहे का' असं नाही विचारायचं, 'आज काय गावला' असं विचारायचं. डिसेंबरात सुट्टीची गर्दी, सगळ्यांना पापलेट-सुरमईच हवी, समुद्राने दिली नाही तर हॉटेलवाला बर्फातली काढणार. त्याच दिवशी बाजारात पेडवे, सौंदाळे, मोदकं ताजी पडलेली असतात, त्यांना विचारणारा कोणी नाही. आम्ही घरात पापलेट वर्षातून किती वेळा खातो विचारा, हाताच्या बोटांवर.

सोलकढीचं : खरी सोलकढी फिकट गुलाबी, किंचित जांभळट झाक. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठातला रस, तो गडद लाल असतो पण नारळाच्या दुधात गेला की मवाळ होतो. करून ठेवली की फुटते, म्हणून ऐनवेळी करायची. दिवसभर पिंपात टिकणारी भडक सोलकढी दिसली की समजून जायचं.

आणि पावसाळ्यात येऊन ताजी मासळी मागणाऱ्यांसाठी : १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ. त्या दिवसांत सुकट, सोडे, खाडीतले मासे, कुर्ल्या आणि टाकळ्याची भाजी. टाकळा खायला तरी या.

अलिबागची_लेक :

हा धागा पण नेहमीप्रमाणे मालवणात जाऊन बसला. कोकण म्हणजे फक्त सिंधुदुर्ग नाही हो! आमच्या रायगडात थंडीत कधीतरी या पोपटी खायला. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी सगळं मडक्यात भरायचं, खाली-वर-मध्ये भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. भांबुर्डी म्हणजे शेताच्या बांधावर उगवणारं तण, पण तो पाला नसेल तर ती पोपटी नाही, नुसती उकडलेली शेंग. आण्णांसाठी फक्त शेंगा-बटाट्याची पण करतात, आमच्या शेजारच्या माळकरी काकांसाठी वेगळं छोटं मडकं असतंच दरवर्षी.

अजून एक. अलिबागच्या बाजूला बेने इस्राएल (कोकणातले ज्यू) लोकांची जुनी घरं आहेत, आम्ही त्यांना लहानपणी शनवार तेली म्हणत असू कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद. बरेचसे आता इस्राएलला गेले. पण त्यांच्या घरचा मलिदा मी खाल्लाय, पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, प्रेषित एलिया हन्नाबीच्या नावाने नवसाचा करतात. आणि बोलायचे कसे तर अस्सल आगरी-कोळी वळणाचं मराठी. हे कोकणी खाणं नाही तर काय?

रातांबा :

लेकी, अगदी बरोबर. आणि शाकाहारी विषय निघालाच आहे तर आमच्या रत्नागिरीकडे पण या. इथल्या ब्राह्मणी घरात मासा नाहीच, मग सगळी हौस फणस-आंबा-नारळावर. कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी, डाळिंब्यांची उसळ, चैत्रात आंबेडाळ, आणि मे महिन्यात सांदणं. बरक्या फणसाचे गरे चाळणीवर घासून रस काढायचा, त्यात तांदळाची कणी, गूळ, थोडं मीठ, वाटीत घालून उकडायचं आणि नारळाच्या दुधाबरोबर खायचं. कापा फणस घेतलात तर रस निघत नाही, हात तेवढे चिकट होतात. पुण्याच्या भाचेसुनेने एकदा मिक्सरमधून कापा फिरवला होता, असो.

बाणकोट_खाडी :

रातांबाताई, सांदण वाचून थबकलो. आमच्या कोकणी मुसलमान घरांत पण सांदण आहे पण त्यात फणसाचा काही संबंध नाही. तांदूळ भिजवून वाटायचे, नारळाचं दूध, साखर, आणि आंबवायला माडी. आता माडी मिळत नाही सहज आणि घरात चालत पण नाही म्हणून यीस्ट. वाटीत घालून वाफवायचं, पांढरंशुभ्र, जाळीदार. लग्नात, ईदला मटणाबरोबर नाहीतर नारळाच्या गोड दुधाबरोबर. म्हणजे वाटी तीच, वाफ तीच, नारळाचं दूध पण तेच. माझी दादी म्हणायची पलीकडच्या आळीतले लोक सांदणात फणस घालून बिघडवतात.

रातांबा :

हाहाहा आणि माझी आजी म्हणायची खालच्या मोहल्ल्यातल्या सांदणाला रंगच नसतो! पण दर ईदला डबा यायचा आणि दर मे महिन्यात डबा जायचा, रिकामा डबा परत द्यायची पद्धत नव्हती.

बाणकोट_खाडी :

रिकामा द्यायचाच नाही, अगदी. काही नसलं तर साखर तरी.

चाकरमानी_परळ :

सगळ्यांचं वाचलं, छान चाललंय. एक कडू लिहितो, रागावू नका. आमचं गाव मालवण तालुक्यातच. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधी आम्ही परळहून रात्रभर एसटीत बसून गणपतीला जायचो, गावात पोचलो की आजी पडवीत वाट बघत असायची. आता गावात आठ घरांत होमस्टे. ज्या माजघरात आम्ही झोपायचो तिथे टाइल्स लावून पाहुणे झोपतात आणि आम्ही गणपतीला गेलो की जागा नाही, चुलत भाऊ म्हणतो आधी सांगितलं असतंस तर बुकिंग घेतलं नसतं. शिरवाळे म्हणजे आमच्याकडे पावणे आले की सगळ्या घराने बसून साच्यातून काढायची गोष्ट, एकजण साचा धरणार, एकजण दाबणार, गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचं. आता ते 'डेझर्ट' आहे, प्लेटवर मिळतं.

खळ्यातलो :

मेल्या, तू परळात रवान रडतंस. थय ऱ्हवणाऱ्यानी काय करूचा? आंबो दोन वर्सा बरो, तिसऱ्या वर्सा अवकाळी पडान मोहोर काळो. रापणीक मासो कमी, बाहेर मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले नि एलईडीचे दिवे लावन मासो धरणारे उपसतत. पाहुणे येतत म्हणान माज्या वयनीच्या हातात पयल्यांदा सोताचे पैसे इले. टायल्स तिनाच लावल्यान.

चाकरमानी_परळ :

ते पटतंय रे. मी कुठे म्हटलं चूक आहे. वाईट वाटतं एवढंच म्हटलं.

भाकरीवाला_बार्शी :

वातावरण तापलंय तर मी पुढचं लिहून टाकतो.

बुधवारी रात्री काका म्हणले शेजारच्या गावात जत्रा आहे, दशावतार आहे, चला. आण्णा म्हणजे रात्री नवाला झोपणारा माणूस. पण भजन-कीर्तन म्हणलं की उठणार, काकांनी हुशारीनं सांगितलं 'देवाचं नाटक'. देवळासमोर मंडप, पडदा एक, बाकडं एक, बाजूला पेटी, पखवाज नि झांज. खाजाची दुकानं, बेसनाच्या कांड्यांवर गूळ-आल्याचा पाक, आण्णांनी खिशात भरून घेतला. सुरू व्हायला बारा वाजले. आधी गणपती, मग तो काळा संकासूर आला, लांब लाल जीभ, बारकी पोरं किंचाळत पळायली. नंतर पुराणातलं मुख्य आख्यान. लिहिलेले संवाद नसतात, कथा ठरलेली नि बोलणं तिथल्या तिथं, हे काकांनी सांगितल्यावर आण्णांचा विश्वासच बसेना कारण राजा नि राक्षस अर्धा-अर्धा तास वाद घालत होते नि कुणी अडखळत नव्हतं. राक्षस मधेच गावच्या नळपाणी योजनेवर घसरला तेव्हा सगळी जत्रा हसली, आण्णा सगळ्यात मोठ्यानं, कारण तो विषय त्यांचा.

राणीचं काम करणारी बाई फार चांगली गात होती. आण्णा म्हणले घरची चांगली दिसती. मी सांगितलं बाप्या आहे, दशावतारात बायकांची कामं बाप्येच करतात. गप म्हणले मला. पहाटे उजाडताना संपलं, आम्ही चहाच्या टपरीवर गेलो तर राणी लुंगीवर बसून चहात बटर बुडवत होती, डोळ्यातलं काजळ तसंच. आण्णा त्याच्याजवळ गेले, हात जोडले, म्हणले "माउली, रात्रभर झोपू दिलं न्हाईस." तो पण उठून आण्णांच्या पाया पडला. माझ्याकडं त्याचा फोटो नाही, मी काढलाच नाही.

देवळात गाऱ्हाणं पण ऐकलं. मानकरी एका दमात देवाला सगळं सांगत सुटतो, बा देवा म्हाराजा, हे लेकरू लांबून आलंय, वाटेत काय आडवं आलं असंल तर सरळ कर, नि मागचे सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा". आण्णांना हे इतकं आवडलं की आता घरात आईनं काहीपण सांगितलं की हे "व्हय म्हाराजा". आई वैतागलीय.

रापणीचं राहिलं. शुक्रवारी सकाळी तारकर्लीच्या अलीकडं किनाऱ्यावर फिरायला गेलो तर लोक दोन रांगांत दोर ओढत होते. होडीतनं जाळं अर्धगोल टाकून येतात नि दोन्ही टोकं किनाऱ्यावरनं ओढतात, दोन-दोन तास. आण्णा थोडा वेळ बघत उभे राहिले नि मग धोतर खोचून सरळ दोराला लागले. मी म्हणलं आण्णा, मासे आहेत त्यात. म्हणले "मी खाणार न्हाई. वडायला काय झालं, माणसं कमी हायती." जाळं आलं तेव्हा फार काही नव्हतं, पेडवे, थोडे बांगडे, बाकी जेलीफिश. पण दोर ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तिथं तो नियम. त्यातल्या म्हाताऱ्यानं आण्णांच्या पुढं दहा-बारा पेडवे ठेवले. नको म्हणले तर तो ऐकेना, वाटा नाकारायचा नसतो म्हणला. मग माळकरी माणूस चाळीस मिनिटं रिक्षात करंज्यांचा डबा धरावा तशी माशांची पिशवी हातात धरून बसला, हात लांब करून, तोंड बाहेर. काकूंना दिली. काकूंनी त्या दिवशी पेडवे तळले नि आण्णांना खापरोळ्या केल्या.

किल्ल्याचं थोडक्यात. १६६४ ला महाराजांनी बांधायला घेतला, तीन वर्षं लागली, हे सगळ्यांना माहितीय. आण्णांना तटबंदीचं फार काही वाटलं नाही, महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा बघून डोळ्यात पाणी आलं तेवढं. पण ते दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या विहिरींपाशी अर्धा तास बसले. चारी बाजूनं खारा समुद्र नि मधी गोडं पाणी. "आन आमी बार्शीत पाचशे फूट बोअर मारतोय" म्हणले.

सरळसोट :

पिशवी धरून रिक्षातला प्रसंग... मान गये. ठीक आहे, मार्चमध्ये परत जातो. काकूंकडे जागा असते का, व्यनि (खाजगी निरोप) करा.

अलिबागची_लेक :

खापरोळ्या म्हणजे काय ते तरी सांगा कोणीतरी, आमच्याकडे नाव ऐकलेलं नाही.

खळ्यातलो :

तांदूळ, उडीद, मेथीचं आंबवलेलं पीठ, हळद घालून पिवळं, जाड आंबोळीसारखं खापरावर काढायचं. तीन-चार एकावर एक रचून वरनं गुळाचा नारळरस ओतायचा, वेलची. मुरायला वेळ द्यायचा, गरम-गरम खायची घाई करू नये. आता पिठासाठी कोणी मिक्स मिळतं का विचारू नका.

चाकरमानी_परळ :

आचऱ्याला राहिलात म्हणजे गावपळणीचं काकांनी सांगितलं असेलच? चारेक वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत. शाळा बंद, बाजार बंद, गाव पूर्ण रिकामं. मी लहानपणी एकदा होतो. तिन्ही रात्री भजन, फुगड्या, आणि तीन दगडांच्या चुलीवरची कुळथाची पिठी. लोक कारणं काहीही सांगतात, आम्हाला ती सगळ्यात मोठी सुट्टी होती. तेव्हा होमस्टेवाल्यांचे पाहुणे पण बाहेरच काढावे लागतात, हाहा.

भाकरीवाला_बार्शी :

सांगितलं तर! आण्णांनी पुढच्याचं साल विचारून ठेवलंय, काका म्हणले देव सांगेल तेव्हा.

निघताना काकूंनी आगळाची बाटली, कुळथाचं पीठ नि काळे वाटाणे दिले, आम्ही शेंगाची चटणी नि उरलेल्या दशम्या त्यांच्याकडं ठेवल्या (सगळ्याच उरल्या होत्या). आगळाची बाटली फोंडा घाटात सांडली, आण्णांची दोन धोतरं नि माझा पांढरा शर्ट गुलाबी-लाल, अजून निघालेला नाही, कुणाला उपाय माहीत असला तर सांगा.

रातांबा :

आगळाचा डाग निघत नाही. शर्ट गणपतीत रंगकामाला ठेवा.

सरळसोट :

व्यनि मिळाला, धन्स. सोमवार टाळून बुकिंग केलंय.

खळ्यातलो :

टाळलंस? अरे, मग धागो वाचलंस काय?

भाकरीवाला_बार्शी :

आत्ताच काकूंचा आण्णांना फोन होता. चटणी संपली म्हणे, काका पेजेबरोबर खातायत. परवा एसटी पार्सलनं दोन किलो पाठवतोय, मालवण डेपोत पार्सल किती दिवसात पोचतं कुणाला अंदाज आहे का?